डब्यांखालचं एक्स्चेंज

बाईंचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल एक तक्रारअर्ज टाइप करत बसलो होतो. टाकी रोज पहाटे भरून वाहते आणि सेक्रेटरी रोज सकाळी ती वाहत नसल्याचं सांगतात. निवृत्त माणसाला जगायला एवढं कारण पुरतं.

"अहो, मोकळे आहात का?" बाईंनी विचारलं.

"आहे की."

"ते माहीतच आहे. विचारायची पद्धत म्हणून विचारलं. कर्वेनगरला येऊन जा. माझ्या डब्यांखाली आपलं एक्स्चेंज सापडलंय."

बाई म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतल्या टीमप्रमुख. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. पण आम्ही लिहिलेले प्रोग्रॅम त्या लाल पेन्सिलीने तपासायच्या आणि जिथे शंका येईल तिथे समासात नुसतं 'का?' एवढंच लिहायच्या. त्या एका अक्षराने आणि त्या प्रश्नचिन्हाने आमचे कित्येक शनिवार नासवले आहेत. म्हणून बाई. माझ्यापेक्षा वयाने फार मोठ्या नाहीत, पण समोर गेलो की मी अजूनही शर्टाची बटणं चाचपतो.

हडपसरच्या पुढे, एका कारखान्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडला चिकटून आमचं ऑफिस होतं. तालुक्याच्या गावी बसवायच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. कोणी रिसीव्हर उचलला, कोणता नंबर फिरवला, पलीकडे घंटा वाजवायची की 'व्यस्त' असल्याचा टूं-टूं ऐकवायचा, हे सगळं त्या प्रोग्रॅमने ठरवायचं. त्यासाठी एक खास भाषा होती, चिल नावाची. देशोदेशीच्या टेलिफोनवाल्यांनी समिती भरवून बनवलेली. समितीने बनवलेल्या गोष्टीत जे असतं ते सगळं तिच्यात होतं, पण एक गुण खरा होता: तिला वाट बघता यायची. शेकडो कॉल एकाच वेळी चालू असायचे, प्रत्येकाची आपली एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे तेवढा एकच कॉल सांभाळणारा प्रोग्रॅमचा तुकडा, आणि जिचा निरोप आला नाही ती प्रोसेस कोणाला त्रास न देता गप्प थांबून राहायची. टेलिफोन सोडून या भाषेचा जगात कुणालाही काही उपयोग नव्हता. पुढे टेलिफोनलाही राहिला नाही.

तर मी कर्वेनगरला गेलो.

बाईंच्या घरात खोकी रचलेली होती. लेकीकडे कॅनडाला चालल्या आहेत हे मला माहीत होतं, पण आम्ही दोघंही तो विषय 'फिरायला जाणं' अशा थाटात बोलायचो. भिंतीवरची कॅलेंडरं उतरवलेली, फ्रिज कोणीतरी नेलेला, आणि त्याच्या मागे भिंतीवर एक स्वच्छ चौकोन. फिरायला जाणारी माणसं फ्रिज देऊन टाकत नाहीत.

"कायमच्या?" मी विचारलं.

"परत यायचं तर कुठे येऊ? फ्लॅट विकलाय," बाई म्हणाल्या. "आत या. चपला तिकडे. ते खोकं नाही, ते काचेचं आहे. तुम्ही जरा लांबूनच चाला."

स्वयंपाकघराच्या फळ्यांवरून डबे उतरवलेले होते. खाली अंथरलेला कागद हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला, त्या काळच्या कॉम्प्युटरच्या प्रिंटरचा. आणि त्यावर, तुरीच्या डाळीच्या डब्याच्या गोल डागाच्या आतबाहेर, चिलमधला प्रोग्रॅम. वरच्या फळीवर सुरुवात, मधल्या फळीवर मधला भाग, आणि शेवट खाली, गॅसजवळ, थोडा तपकिरी पडलेला.

मी ओळखला. बाईंचाच होता तो. आमच्या सगळ्या कामातला सगळ्यात देखणा तुकडा. तुम्ही एखाद्याला फोन लावला आणि त्याची लाईन व्यस्त असली, तर तुम्ही एक्स्चेंजला नुसतं सांगायचं, 'मोकळी झाली की कळवा.' आणि रिसीव्हर ठेवून आपल्या कामाला लागायचं. पलीकडचा मोकळा झाला की एक्स्चेंज स्वतःहून दोघांच्या घंटा वाजवणार. आज याचं कोणाला काही वाटणार नाही. पण ज्या काळात एका लग्नाचा निरोप द्यायला माणूस दुपारभर डायल फिरवत बसायचा, त्या काळात हे म्हणजे एक्स्चेंजमध्ये कोणीतरी आपलं माणूस बसवल्यासारखं होतं.

तो चाचणीला जायच्या बेतात असतानाच आमचं काम बंद झालं. कंपनीने तयार परदेशी एक्स्चेंज घ्यायचं ठरवलं. आम्हाला दुसऱ्या खोलीत खुर्च्या मिळाल्या आणि जुने कागद 'घरी न्यायचे तर न्या' म्हणून सांगितलं. बाईंनी नेले. कागद जाड होता.

"हा चुकला असता तर मला चाललं असतं," बाई फळीकडे बघत म्हणाल्या. "सगळ्यांचेच चुकतात. तुमचे तर सांगूच नका. पण हा चुकलाही नाही. हा कोणी चालवूनच बघितला नाही हो."

मी गॅसजवळचा तो तपकिरी शेवट वाचत होतो.

"जायच्या आधी एकदा चाललेला बघायचाय."

बाईंनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मागायच्या त्या फक्त उत्तरं. त्यामुळे माझ्या तोंडून जे निघालं ते डोक्यातून आलं नव्हतं.

"त्यात काय! कंपायलर मी आणतो."

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणून देणारा आणखी एक प्रोग्रॅम. तो नसेल तर लिहिलेलं सगळं कागदावरच राहतं. आमच्या बाबतीत, डब्यांखाली. चिलचा कंपायलर आज जगात कुठे आहे याची मला काडीची कल्पना नव्हती. पण मी तो असा आणतो म्हणालो, जसं काही कोपऱ्यावरून ब्रेड आणायचाय.

"आठवडाभरात," मी वर आणखी भर घातली.

बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. हातात लाल पेन्सिल नव्हती, एवढंच.

खरं सांगायचं तर फुशारकी हे अर्धंच कारण होतं. आमच्या ऑफिसातल्या टेबलाभोवती बसणाऱ्यांपैकी एक गेला. एक आता बांधकामाच्या धंद्यात आहे, मागे एका लग्नात भेटला तेव्हा चिलचं नाव काढलं तर म्हणाला, "कसलं चिल? अरे, बाणेरला टू बीएचके बघ." बाकीचे विखुरले. या शहरात ज्या माणसाला 'प्रोसेस अडकली' असं म्हटल्यावर नेमकं काय अडकलं हे कळेल, असं माझ्या ओळखीत एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्या फ्रिजच्या जागी चौकोन होता. कंपायलर शोधायचा म्हणजे अधूनमधून कर्वेनगरला जाणं आलंच.

घरी येऊन मी शोध सुरू केला. त्या भाषेचं नाव टाकल्यावर इंटरनेटने मला आधी थंड पेयं दाखवली, मग पावसाळी दुपारी ऐकायची गाणी. पुढचे कितीतरी दिवस माझ्या फोनवर कूलरच्या जाहिराती येत होत्या. आमची ही म्हणाली, "अहो, घ्या ना एक. एवढं शोधताय तर."

मग मला एका परदेशी मंडळींच्या चर्चागटाचा पत्ता लागला. सगळे आमच्यासारखेच, टेलिफोनमधून निवृत्त झालेले आजोबा. मी त्यांना लांबलचक इंग्रजी पत्र लिहिलं, बाईंचा, फळ्यांचा, डब्यांचा सगळा इतिहास सांगितला, आणि नमुन्यादाखल प्रोग्रॅमच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला. निदान मला तसं वाटलं. प्रत्यक्षात जोडला गेला तो सोसायटीच्या टाकीचा तक्रारअर्ज, वाहत्या टाकीच्या फोटोसकट. आणि तो एकाला नाही, सगळ्या गटाला गेला.

माणसं फार सभ्य होती. तीन वेगवेगळ्या देशांतून मला उत्तर आलं की तुमच्या टाकीचा फ्लोट खराब झाला आहे, तो बदला. एकाने चित्र काढून पाठवलं. मी ते सेक्रेटरींना दाखवलं आणि सांगितलं की आता हे प्रकरण आंतरराष्ट्रीय पातळीवर गेलं आहे. फ्लोट बदलला. टाकी वाहायची थांबली. कंपायलर मात्र मिळाला नाही. त्यांतल्या एका आजोबांकडे तो होता, पण मोठ्या चकतीच्या टेपवर. आणि ती टेप वाचायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. "मी ती जपून ठेवली आहे," त्यांनी लिहिलं होतं. "कशासाठी ते माझी बायको रोज विचारते." मला त्या अनोळखी माणसाला भेटावंसं वाटलं.

यादरम्यान मी दर थोड्या दिवसांनी कर्वेनगरला जात होतो, कारण प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा होता. कागद फळीला खिळ्यांनी ठोकलेला. काढायला गेलं तर फाटत होता. म्हणून बाई स्टुलावर उभ्या राहून फळीवरून वाचायच्या आणि मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून टाइप करायचो.

"सेमीकोलन," बाई वरून म्हणायच्या.

"घातला."

"नाही घातलात. आवाज आला नाही."

एके ठिकाणी लोणच्याच्या तेलाने अख्खी ओळ गिळली होती. मी म्हटलं, आता काय? बाईंनी मान तिरकी करून डागाकडे बघितलं. "कैरीचं आहे," म्हणाल्या, आणि ती ओळ तोंडपाठ सांगितली. मग थोडा वेळ स्टुलावरच उभ्या राहिल्या. मी 'पुढे?' म्हणून विचारलं नाही. बाहेर कोणीतरी जुन्या गाद्या घेऊन जिना उतरत होतं, बाईंच्याच.

दर खेपेला घर थोडं कमी झालेलं असायचं. आधी पडदे, मग दिवाणखान्यातली खुर्ची, मग घड्याळ. बाई विचारायच्या, "कंपायलर?" मी म्हणायचो, "वाटेत आहे." दोघंही समजून घ्यायचो.

शेवटी एक जुना कंपायलर खरंच मिळाला. जगभरातले लोक मिळून फुकट वाटतात त्या एका कंपायलरांच्या गाठोड्यात पूर्वी चिलही असायची. पुढे तिच्याकडे लक्ष देणारं कोणी उरलं नाही म्हणून ती काढून टाकली. मी आधी मोठ्या उत्साहाने नेमकी तीच आवृत्ती उतरवून घेतली, जिच्यातून ती काढून टाकलेली होती. कितीतरी दिवस मी त्या गाठोड्यात जी नाही ती वस्तू शोधत होतो आणि माझ्याच डोळ्यांना दोष देत होतो. चष्म्याचा नंबरही तपासून आलो. मग त्याआधीची आवृत्ती घेतली, तर ती आजच्या कॉम्प्युटरवर उभीच राहीना.

इथे मी मुलाला शरण गेलो. माझा मुलगाही याच धंद्यात आहे. गंमत म्हणजे त्याचं ऑफिस हडपसरलाच, आमच्या जुन्या शेडपासून हाकेच्या अंतरावर, सगळं काचेचं. तो घरी असतो तेव्हाही कानात ऑफिस असतं. एका रविवारी त्याने माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा, जुनापुराणा कॉम्प्युटर तयार केला आणि त्यात हा कंपायलर बसवला.

"बाबा, झालं. टाका तुमचा प्रोग्रॅम."

टाकला. पडदा भरून चुका आल्या. आणखी खाली गेलो, आणखी चुका. प्रोग्रॅमच्या ओळींपेक्षा चुकांच्या ओळी जास्त होत्या. कारण मला बघताक्षणी कळलं आणि ते आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. आमच्या कंपनीने चिल तशीच्या तशी कधी वापरली नव्हती. तिच्यात स्वतःच्या सोयीने शब्द घातले होते, काही काढले होते. समितीची चिल वेगळी आणि आमच्या शेडमधली वेगळी. आमच्या शेडमधल्या चिलचा कंपायलर शेडबरोबरच गेला होता.

"म्हणजे नाही होणार?" मुलाने विचारलं.

"नाही."

"सॉरी, बाबा." मग त्याच्या कानात कोणीतरी बोललं आणि तो उठून गेला.

बाईंच्या जाण्याचा दिवस जवळ आला होता. मी तोंड एवढंसं करून कर्वेनगरला गेलो. वाटेत तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार केली होती, तिन्हींत दोष परदेशी माणसांचा होता. दार उघडताच बाई म्हणाल्या, "नाही मिळाला ना?"

"मिळाला, पण आपला नाही."

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी, मोकळेपणी. "अहो, तेव्हा तरी पुण्यात कंपायलर कुठे होता?"

मी दारातच थांबलो.

खरंच नव्हता. कंपायलर असलेलं मोठं मशिन बंगळूरला होतं. आम्ही इथे लिहायचो, टेप भरायचो, आणि टेप गाडीने बंगळूरला जायची. उत्तर यायला आठवडा. एक स्वल्पविराम चुकला तर तो आठवडा पाण्यात. म्हणून टेप पाठवण्याआधी बाईंनी एक रीत पाडली होती. तिला आम्ही 'बैठक' म्हणायचो. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एकेक प्रोसेस व्हायचं. निरोप चिठ्ठ्यांवर लिहून एकमेकांकडे सरकवायचे. नियम तीन. चिठ्ठी समोर आल्याशिवाय कोणी हालचाल करायची नाही, बोलायचंही नाही. कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, शहाणपण चालवायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम: आपण लिहिलेली प्रोसेस आपण व्हायचं नाही. कारण लिहिणारा माणूस कागदावर काय आहे ते करत नाही, मनात काय होतं ते करतो. ज्याचा प्रोग्रॅम, त्याने बाजूला गप्प बसून बघायचं. तेच सगळ्यात अवघड. माझ्या प्रोग्रॅमच्या वेळी तर मला टेबलापासून लांब, खिडकीशी बसवायचे. बाईंच्या या तुकड्याची बैठक मात्र काम बंद झालं त्यात राहूनच गेली होती.

पुण्यात कधीच नव्हती ती वस्तू मी इतके दिवस जगभर शोधत होतो, आणि जी होती ती विसरलो होतो.

"मग रविवारी बैठक," मी म्हटलं.

"माणसं?"

"आणतो," मी म्हणालो. या वेळी बाईंनी विश्वास ठेवला.

माणसं म्हणजे आमची ही आणि मुलगा. ही आधी कुरकुरली. "इतकी वर्षं ऐकतेय तुमची ती बैठक. आता प्रत्यक्षच बघायची वेळ आली." पण साडी मात्र चांगली नेसली.

रिकाम्या घरात सतरंजीवर बसलो. बांधून झालेल्या सामानातून बाईंनी दोन वाट्या आणि दोन चमचे तेवढे बाहेर ठेवले होते, शेवटच्या दिवसांच्या वरणभातासाठी. तेच आमचे टेलिफोन. चमचा वाटीवर आडवा, तर फोन ठेवलेला. हातात घेतला, तर उचललेला. एक वाटी हिच्यापुढे, एक मुलापुढे. मी मध्ये, टाइप केलेल्या प्रोग्रॅमचा छापून आणलेला कागद पुढ्यात घेऊन; बाईंचा प्रोग्रॅम व्हायचं होतं मला. बाई भिंतीला टेकून बसल्या, नियमाप्रमाणे गप्प. मांडीवर हात घट्ट धरलेले.

ठरवलं होतं ते सोपं होतं. ही बहिणीशी बोलत असणार, तेवढ्यात मुलगा हिला फोन लावणार, व्यस्त लागणार, तो 'कळवा'ची चिठ्ठी देऊन चमचा ठेवणार. ही मोकळी झाली की मी दोघांना 'घंटा'ची चिठ्ठी द्यायची.

हिने चमचा उचलला आणि बहिणीशी बोलायला लागली. खोटंच, पण इतकं मन लावून की मला मेव्हणीच्या गुडघ्याची नवी बातमी कळली. मुलाने नंबर लावला. मी कागद बघून 'व्यस्त' दिलं. त्याने 'कळवा' दिलं, चमचा ठेवला. मी वाट बघू लागलो. बाई पापणी न हलवता बघत होत्या.

तेवढ्यात मुलाचा खरा फोन वाजला. ऑफिस. तो कानाला लावून बोलायला लागला.

"अरे, मग चमचा उचल की," ही म्हणाली. "तू बोलतोयस ना? मग तूही बिझी."

त्याने बोलता बोलता चमचा उचलला. आणि हिने बहिणीचा चमचा वाटीला टेकवला न टेकवला तोच पुन्हा उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता मी याला फोन लावते."

"हे ठरलेलं नाही," मी म्हणालो.

"मला नाही का लावावासा वाटणार? कधी लागतो याचा फोन?" मुलाकडे बघून ती म्हणाली. "व्यस्त ना? मग मलाही पाहिजे ते. 'कळवा'. ही घ्या चिठ्ठी."

नियम म्हणजे नियम. चिठ्ठी आली तर घ्यायची. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक 'कळवा'साठी एक वेगळी प्रोसेस उभी राहते, म्हणून मी दोन प्रोसेस झालो: डाव्या हाताची मुलासाठी, उजव्या हाताची हिच्यासाठी. हिने चमचा ठेवला. मुलाचं ऑफिस संपलं, त्यानेही ठेवला. दोघंही मोकळे. मी कागद वाचला. लिहिलं होतं: जिची वाट बघत होतो ती लाईन मोकळी झाली की आधी ती धरून ठेव, मग दुसरी मोकळी होईपर्यंत थांब.

डाव्या हाताने मी हिची वाटी धरली. उजव्या हाताने मुलाची वाटी धरली. आता डाव्याला मुलाची वाटी हवी होती, ती उजव्याने धरलेली. उजव्याला हिची हवी होती, ती डाव्याने. दोन्ही हात भरलेले. त्यातला एखादा सोडायचा असं कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी थांबलो. ही थांबली. मुलगा थांबला. चिठ्ठी कुठेच सरकत नव्हती, म्हणून कोणी बोलायचं नव्हतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. खाली भंगारवाला ओरडत गेला. मला कळलं होतं. बाईंकडे बघितलं, त्यांनाही कळलं होतं. हा प्रोग्रॅम बसवला असता, तर कुठल्याशा तालुक्याच्या गावात ज्या दोन माणसांना एकाच वेळी एकमेकांशी बोलायचं होतं, नेमके त्यांचेच फोन मेले असते. आणि एक्स्चेंजमध्ये सगळं ठीक दिसलं असतं. दोघांनाही वाटलं असतं, समोरच्याला वेळ नाही.

मला वाटलं होतं बाई खचतील. माझे हात तसेच वाट्यांवर. मग बाई उठल्या. खोक्यांवर 'काच' लिहायला पॅकिंगवाल्यांनी ठेवलेला लाल मार्कर त्यांनी घेतला, स्वयंपाकघरात गेल्या, स्टुलावर चढल्या, आणि फळीवरच्या कागदाच्या समासात, त्या ओळीसमोर, स्वतःच्या प्रोग्रॅमपुढे लिहिलं: 'का?'

मार्करचा कर्र आवाज बाहेरपर्यंत आला. मग बऱ्याच वेळाने पुन्हा कर्र कर्र.

"या, वाचा," त्यांनी हाक मारली. "तुम्ही प्रोसेस असलात तरी हात सोडून यायला परवानगी."

'का?'च्या खाली एक नवी अट होती. साधी. धरून ठेवण्याआधी बघ, ज्याची वाट बघतोस तो तुझीच वाट बघतोय का. असेल तर थांबू नकोस. जोडून दे.

ती ओळ माझ्या कागदावर उतरवून पुन्हा बसलो. पुन्हा मेव्हणीचा गुडघा. पुन्हा दोन 'कळवा'. दोघांनी चमचे ठेवले. मी नवी ओळ वाचली आणि दोघांपुढे एकाच वेळी 'घंटा' सरकवली. दोघांनी चमचे उचलून कानाला लावले.

"हॅलो?" ही म्हणाली. "कोण?"

"मी," मुलगा म्हणाला.

"जेवलास का?"

मुलगा काहीतरी थट्टा करणार होता. चमचा कानालाच होता. "नाही गं, आई," तो म्हणाला. "अजून नाही."

"चालला," भिंतीजवळून बाई हळूच म्हणाल्या. नियम मोडून. मग मोठ्याने, आमच्या ऑफिसातल्या आवाजात: "चालला. चिठ्ठ्या गोळा करा. सतरंजीवर कचरा नको."

निघताना मी म्हटलं, तो कागद मला देता का? जपून ठेवीन.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तो टाकीच्या अर्जाला जोडून पाठवाल कुठेतरी." मग खिळे एकेक करून काढले, कागद न फाडता, आणि गुंडाळी करून हातातल्या पिशवीत ठेवली. "लेकीच्या स्वयंपाकघरातही फळ्या आहेत. कागद चांगला आहे अजून."

आता बाई तिकडे आहेत. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. चहा झाला की मी फोन लावतो, आणि बऱ्याचदा तो व्यस्त लागतो. ठेवतो, तर लगेच त्यांचा येऊन गेल्याची खूण दिसते. मी लावत होतो तेव्हाच त्या लावत होत्या. मी पुन्हा लावतो. पुन्हा व्यस्त. कंपन्या बदलल्या, यंत्रं बदलली, फोनला आता चमचाही लागत नाही. पण फळीवरची ती लाल ओळ कोणाच्या एक्स्चेंजमध्ये नाही. ती आम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि आम्ही दोघंही नेमके एकमेकांना फोन लावत असतो.

परवा असंच चाललं होतं. मी लावतोय, ठेवतोय, लावतोय. ही आतून म्हणाली, "अहो, कोणीतरी एकाने थांबा ना."

मी थांबलो. फोन समोर ठेवून बसलो.

तिकडे बाईही थांबल्या असणार.